एकोणतिसावी चाल

आप्पा, काल मी हरले. पावणेचार तास एकाच खुर्चीवर बसून हरले, आणि तरी घरी येताना स्कूटरवर गुणगुणत आले. नवऱ्याने दार उघडलं, जिंकलीस का म्हणून विचारलं, मी हरले म्हटल्यावर माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि चहा टाकायला आत गेला. गेल्या दीड वर्षात तो शहाणा झालाय. बुद्धिबळाविषयी दुसरा प्रश्न विचारत नाही, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला लागले की गॅसवरची भाजी करपते हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे. तुम्ही मात्र पहिलाच प्रश्न वेगळा विचारला असता. जिंकलीस का, असं तुम्ही मला कधीच विचारलं नाही. तुमचा प्रश्न ठरलेला असायचा, "गफलती किती?" आणि मी दोन म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "म्हंजे तीन. एक तुला दिसली नसंल."

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसले आहे. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. मी आता एकोणपन्नासची आहे, अजून तीन वर्षांत तुमच्या शेवटच्या वयाला येऊन टेकेन. तुमच्या तोंडातलं औरंगाबाद आता पाटीवर संभाजीनगर झालंय, आणि बजाजनगरचा चौक तुम्ही ओळखणार नाही इतका गजबजलाय. पण हे सांगत बसले तर मूळ गोष्ट राहून जाईल. मूळ गोष्ट अशी, की तुमच्या वहीतलं शेवटचं वाक्य मला खोटं पाडायचं होतं. त्यासाठी मला एक, फक्त एक, लांब डाव हवा होता ज्यात गफलत नाही. दीड वर्ष मी त्याच्या मागे आहे.

तुमच्या लेखी चूक वेगळी आणि गफलत वेगळी. आपल्याला कळलंच नाही, समोरचा आपल्यापेक्षा हुशार निघाला, ती चूक, आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. पण घोडा समोर दिसतोय, तो कुठं उडी मारणार हे शाळेतल्या पोरालाही कळतंय, आणि आपण तिकडे पाहिलंच नाही, ती गफलत. हा शब्द तुम्ही कंपनीत लेथ चालवणाऱ्या टर्नर चाचांकडून घेतला होता, बुद्धिबळासकट. पाचोडहून वाळूजला नोकरीला आलात तेव्हा तुम्हाला प्याद्याची चालही माहीत नव्हती. चाचांनी जेवणाच्या सुट्टीत, डबा संपवून उरलेल्या पंधरा मिनिटांत तुम्हाला शिकवलं. पंधरा मिनिटांत डाव पुरा होत नसे, म्हणून सुट्टी संपताना सोंगट्या कुठं आहेत ते कागदावर उतरवून ठेवायचात आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. एकेक डाव चार-चार दिवस चालायचा. मला वाटतं, दोन चालींच्या मध्ये एक रात्र असते असंच तुमचं कायमचं मत होऊन बसलं. चाचांचं "कायकू जल्दी?" तुम्ही घरी आणलंत आणि आईला, मला, रिक्षावाल्याला, सगळ्यांना ऐकवत राहिलात.

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना आत सोडायचे. मी अकरा वर्षांची असेन. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या आहेत, जमीन पुसून लख्ख केली आहे, आणि तुम्ही मला तुमच्या टेबलापाशी नेताय. तपासणीचं टेबल. एक खोकं चांगल्या मालाचं, एक लाल रंगाचं, टाकाऊ मालाचं. तुमच्या जाडी मापायच्या मायक्रोमीटरवरही कुणीतरी हळदीकुंकू वाहिलं होतं आणि तुम्ही ते रुमालाने हळूच पुसत होतात, देवाला कळू नये असं. मग तुम्ही माझ्या हातात एक पितळी बुश, आखूड नळकांड्यासारखा भाग, दिलात आणि म्हणालात, माप. मी फिरवला, आकडा वाचला, मोठ्याने सांगितला आणि बुश चांगल्या खोक्यात टाकला. तुम्ही तो परत काढून माझ्यासमोर ठेवलात. मी अर्धा मिलिमीटर कमी वाचला होता. ती मायक्रोमीटरची नेहमीची खोड, अर्धी रेघ नजरेतून सुटते. तुम्ही रागावला नाहीत. पण मला खाली बसवलंत आणि आजूबाजूला पेढे वाटले जात असताना शांतपणे म्हणालात, "आकडा आधी लिहायचा. मग पुन्हा बघायचं. मग खोकं. हे ब्रेकात जातं. गाडी कुणाचं तरी लेकरू चालवतं." मला पेढा हवा होता. तो संपत आला होता, आणि तुम्ही मला तोच बुश आणखी तीनदा मापायला लावलात.

हाच कायदा तुम्ही पटावर लावला. रविवारी दुपारी आपल्या एका खोलीत, ओट्याखाली पट मांडलेला, आई भाकरी थापतेय आणि तिचा पाय चुकून हत्तीला लागू नये म्हणून तुम्ही पट इंचाइंचाने सरकवताय. चाल सुचली की तुम्ही हात पुढे करत नसा. आधी वहीत लिहायचात. मग पेन खाली ठेवून, जणू रस्त्याने जाणाऱ्या माणसाने दुसऱ्याच कुणाचा डाव बघावा तसं पटाकडे नव्याने बघायचात. मग एकतर चाल खेळायचात, नाहीतर वहीत रेघ मारून दुसरी लिहायचात. तुमच्या पानांवर खाडाखोड, माझी पानं स्वच्छ. मला त्याचा अभिमान वाटायचा. मी आधी खेळायची आणि लिहायची मागाहून, तेही तुम्ही डोळे वटारल्यावर. आई म्हणायची, "तुमचा डाव उठंपर्यंत माझं पीठ वाळून जातं." ती बरोबर म्हणायची. पण वाळलेल्या पिठाच्या त्या रविवारांसाठी आज माझा जीव तुटतो, आप्पा. तो ओटा, ती उष्ण खोली, भाकरीचा वास आणि तुम्ही माझ्यासमोर मांडी घालून, विचार करत. मला एवढंच परत हवं आहे. त्यात मी हरले तरी चालेल.

दहावी झाल्यावर तुम्ही मला पेन आणलंत. मला वाटलं होतं खटक्याचं बॉलपेन असेल, वर्गात सगळ्यांकडे होतं तसं. निघालं शाईचं, झाकण आट्यांवर फिरवून उघडायचं. आणि तुम्ही वर मोठ्या कौतुकाने सांगितलंत, की हे उघडायला वेळ लागतो म्हणून मुद्दाम आणलं. म्हणजे बक्षीस म्हणून तुम्ही मला एक अडथळाच दिला होता. ते गळायचं. माझ्या कॉलेजच्या दोन ओढण्यांचं त्याने वाटोळं केलं. मी आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही, आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नसेल, कारण त्या आठवड्यात तुमचा चाचांशी डाव चालू होता.

तुम्ही गेल्यावर मी खेळणं सोडलं. ठरवून नाही, सुटत गेलं. लग्न झालं, मुलगी झाली, आणि पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी चालू राहिली. तिथं मी तुमचीच पोरगी आहे, हे सांगितलं पाहिजे. नळीवरचं नाव, अर्जावरचं नाव, पुन्हा नळीवरचं नाव. आकडा आधी लिहायचा, मग बघायचं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून कुणाचं रक्त कुणाच्या नावावर गेलेलं नाही. नवीन मुली मला मागून हळू गाडी म्हणतात. म्हणू देत.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. बजाजनगरची खोली आवरताना फोनपाशी ती वही सापडली. तुमची डावांची वही. आईने ती उलटीकडून सुरू करून फोन नंबर लिहायला घेतली होती. सिलिंडरवाला, डॉक्टर, मावशी, मी. वर्षानुवर्षं मी त्या वहीतून नंबर बघितले आणि एकदाही सुलट बाजूने उघडली नाही. त्या दिवशी उघडली. आपले सगळे डाव होते, तुमच्या बारीक अक्षरात, खाडाखोडीसकट, आणि प्रत्येक डावाखाली माझ्या गफलतींचा एका ओळीचा शेरा. शेवटचं पान आपल्या शेवटच्या डावाचं. त्या डावात मी वजीर घालवला होता, फुकट, तुमच्या घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला होता. तुम्ही खाली लिहिलं होतं, "चाल एकोणतीस. वजीर फुकट. पोरगी अजून थांबत नाही. मी शिकवण्यात कमी पडलो." त्यानंतरची पानं कोरी, आणि मग उलटीकडून आईचे नंबर.

मी खोलीत एकटीच होते. भांडी पोत्यात बांधून झाली होती, टेम्पोवाला खाली भोंगा वाजवत होता. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मी शिकवण्यात कमी पडलो. तुम्ही हे मनात घेऊन गेलात, आणि मला ते तेवीस वर्षं माहीत नव्हतं.

मग मी स्पर्धांना नाव द्यायला लागले. लांब डावांच्या स्पर्धा, प्रत्येकाला दीड तास आणि दर चालीला वर अर्धा मिनिट. या वयात, कॉटनची साडी, चष्मा, डबा घेऊन. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये रांगेने टेबलं, आणि समोर बहुतेक वेळा माझ्या मुलीपेक्षा लहान कुणीतरी. पहिल्याच डावात नऊ वर्षांची एक मुलगी समोर आली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. आंब्याचा ज्यूस नळीने पीत पीत तिने माझा उंट खाल्ला, आणि मी हात पुढे केल्यावर मला थँक यू आंटी म्हणाली.

दुसऱ्या डावाला मी ठरवलं, आता तुमच्या पद्धतीने. आधी लिहायचं, मग बघायचं, मग खेळायचं. मी चाल लिहिली, पेन ठेवलं आणि पट नव्याने बघायला लागले. तेवढ्यात पंच आली. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, गळ्यात ओळखपत्र. वाकून हळूच म्हणाली, मॅडम, आधी लिहायचं नाही. चाल खेळा, मग लिहा. मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, मला तर असंच शिकवलंय. ती म्हणाली, पूर्वी चालायचं, आता नियम नाही, कागदावर आधी लिहिणं म्हणजे टिपण काढल्यासारखं होतं. मी पुन्हा तसंच केलं, हाताला वळण पडलं होतं, म्हणून तिने मला दुसऱ्यांदा समज दिली आणि माझ्या प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं वाढवून दिली. आप्पा, मी तिथं बसून हसावं का रडावं अशी झाले होते. आयुष्यभर तुम्ही मला आधी लिही, आधी लिही म्हणून कानीकपाळी ओरडलात. मी ऐकलं नाही. आणि ज्या दिवशी ऐकलं, त्या दिवशी त्यासाठीच मला शिक्षा झाली.

म्हणजे मला थांबण्याची दुसरी काहीतरी युक्ती शोधायला लागली. चष्मा काढून पुसून पाहिला. दहा आकडे मोजून पाहिले, पण मोजताना मी आकड्यांकडेच लक्ष द्यायची. हात मांडीखाली घेऊन बसले, तर शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी थंडी वाजतेय का विचारलं. मधल्या काळात गफलती चालूच होत्या. मोबाइलवर डाव भरला की तो सगळ्या चाली तपासून गफलतीवर लाल खूण करतो. तुमच्यासारखाच तपासनीस, फक्त शेजारी बसून खोकत नाही. त्या लाल खुणा मी एका कागदावर मांडल्या तेव्हा माझं मला कळलं, की मी कठीण जागी चुकतच नाही. कठीण जागी मी थांबते. मी चुकते ते सोपं झाल्यावर. समोरच्याने काहीतरी खाल्लं की मी ते परत खायला हात घालते, बघत नाही. आणि उंट मागे येतो हे विसरते. पुढे जाणारा उंट मला दिसतो, पण तोच पटाच्या त्या टोकावरून मागे सरकत येऊन माझा हत्ती घेईल हे दिसत नाही. तीन डाव मी असे मागे आलेल्या उंटांना वाहिले.

एक गफलत तर तुम्हाला सांगायचीच आहे. मार्चमधला डाव, मी जिंकत होते, चांगली दोन प्यादी वर. आणि मला आठवलं की आज पाण्याचा दिवस. आपल्याकडे नळाला अजूनही रोज पाणी येत नाही, तुमच्या वेळेपेक्षा उलट जास्त दिवसांनी येतं. सकाळी नळ सोडून बघितला होता, कोरडा होता, आणि मी तो बंद केला की नाही ते काही केल्या आठवेना. मोबाइल पंचांकडे जमा. घरी कुणी नाही. आता पाणी आलं असेल, बादली भरून वाहत असेल, आठवड्याचं पाणी मोरीत जात असेल, असं माझ्या डोळ्यांपुढे दिसत राहिलं आणि मी हत्ती नेऊन समोरच्याच्या प्याद्याच्या तोंडात ठेवला. प्याद्याच्या. समोरच्या मुलाने आधी माझ्याकडे बघितलं, काही डाव आहे का म्हणून. नव्हता. घरी आले तर नळ बंद होता आणि पाणी आलंच नव्हतं.

शेवटी उपयोगी पडला तो तुमचाच एक प्रश्न, जो मी विसरले होते. वहीत एका जुन्या डावाखाली लिहिलेला सापडला. "त्याला काय पाहिजे?" तुम्ही हे मला पटावर विचारायचात, आठवतं, माझा हात सोंगटीकडे निघाला की. "तुला काय पायजे ते सोड. त्याला काय पायजे?" मी ते ओठ न हलवता विचारायला लागले. प्रत्येक चालीला, सोप्या चालीलाही, खरं म्हणजे सोप्या चालीलाच जास्त. त्याला काय हवंय, त्याचा घोडा कुठं, त्याचा उंट कुठून मागे येतो. आणि मग आपल्याला काय हवंय ते. माणूस घड्याळ चालू असताना दुसऱ्याच्या जागी जाऊन बसतो, तेवढ्यानेच तो आपोआप थांबतो. मला हे उशिरा कळलं.

काल समोर उर्दू शाळेतले निवृत्त गणिताचे सर होते. पांढरी दाढी, मनगटावर सैल घड्याळ, बसल्या बसल्या त्यांनी माझ्या डब्याची चौकशी केली. मग दोन तास आम्ही एकमेकांकडे वर पाहिलं नाही. तिसऱ्या तासाला माझ्या पाठीत कळ यायला लागली, हॉलमधली निम्मी टेबलं रिकामी झाली होती, बाहेर पोरं ओरडत होती. हाच माझा गफलतीचा तास. मी प्रत्येक चालीला तुमचा प्रश्न विचारत होते, आणि खरं सांगू, तुमच्या आवाजात ऐकत होते. वजीर गेले, हत्ती गेले, राजा आणि प्यादी उरली. त्यांचा राजा माझ्या राजाच्या एक घर पुढे होता. एकच घर. मी सगळं करून पाहिलं आणि ते घर काही मिळालं नाही. मी घड्याळ थांबवून हात पुढे केला. सरांनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "आप कुछ दिये नै मॅडम. सब मेरेकू लेना पडा." त्यांना माहीत नव्हतं ते मला काय देत होते.

पार्किंगमध्ये स्कूटरवर बसूनच मी डाव मोबाइलवर भरला. दोनदा चुकीचं घर दाबलं. पिवळ्या खुणा होत्या, पाच-सहा, म्हणजे चुका. लाल एकही नाही. मी वर-खाली करून पुन्हा बघितलं, "म्हंजे तीन" म्हणणारे तुम्ही मागे उभे असल्यासारखं. एकही नाही, आप्पा. एकसष्ट चाली आणि गफलत शून्य. मी गुणगुणत घरी आले, चहा घेतला, आणि तुमची वही घेऊन शेवटच्या वाक्यावर रेघ मारायला बसले.

ती मारता आली नाही. कारण ते वाक्य कालच्या डावाने खोटं पडत नाही. ते लिहिलंत त्याच दिवशी खोटं होतं, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

तुम्ही कॉटवर उशीला टेकून बसला होतात. पट स्टुलावर. हिवाळ्यातली दुपार, तुम्हाला एकेका चालीमध्ये खोकल्याची उबळ यायची, आई येऊन पाठ चोळायची, मग तुम्ही पुन्हा वही घ्यायचात. माझी बाजू चांगली होती, कधी नव्हे ती. आणि मला जायचं होतं. शहरात, सिडकोत, एका मैत्रिणीची हळद. चौकातून साडेपाचची गाडी गेली की पुढची कधी भरेल सांगता येत नव्हतं. तुम्हाला सोडून उठते म्हणाले असते तर तुम्ही जा म्हणाला असतात, हे मला माहीत होतं, पण तुमच्या तोंडावर ते म्हणण्याची हिंमत नव्हती. म्हणून मी थांबले. त्या दिवशी मी तुमच्यासमोर पहिल्यांदा आणि शेवटचं तुमच्यासारखं केलं. चाल आधी लिहिली. पेन खाली ठेवलं. पट नव्याने बघितला. तुम्हाला काय हवंय ते बघितलं, तुमचा घोडा बघितला. हत्ती द्यावा असं आधी मनात होतं, पण हत्तीवर तुम्ही मला आणखी तासभर खेळवलं असतं. वजीर गेला की आपल्या घरात डाव सोडायचा असा नियम होता. म्हणून वजीर. सगळं नीट तपासून, पुन्हा एकदा बघून, मी तो घोड्याच्या तोंडात ठेवला आणि म्हटलं, अगं बाई, दिसलंच नाही.

तुम्ही लगेच घेतला नाहीत. माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "रागावत नाय. पण मी नसल्यावर तुला थांब म्हणून कोण सांगल?" मी चपला घालत होते. त्यानंतर पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात, आणि मध्ये पट पुन्हा मांडला गेला नाही.

तुम्ही कमी पडला नव्हतात. हे मला आईलाही कधी सांगता आलं नाही, आणि हा कागदही मी कुणाच्या हाती देणार नाही, नवऱ्याच्याही नाही. साडेपाचची गाडी मला मिळाली, आप्पा. सिडकोत पोचले तर मांडवात अजून कुणीच आलं नव्हतं. लवकर झालं होतं मला. तासभर मी तिथं एका खुर्चीवर नुसती बसून होते.